ध्रुवाची बाराखडी

ध्रुवबाळाची गोष्ट ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. सावत्र आईच्या शब्दाने दुखावलेला पाच वर्षांचा पोर घर सोडून रानात जातो, तप करतो, देव प्रसन्न होतो आणि उत्तरेच्या आकाशात त्याला अढळपद मिळते. लहानपणी देवळात एका हरिदासबुवांकडून हे आख्यान मी ऐकले. सुरुचीचे टोचून बोलणे बुवांनी अर्धा तास रंगवले. सुनीतीच्या डोळ्यांतले पाणी आणखी अर्धा तास चालले. मग ‘ध्रुवाने घोर तप केले’ एवढे एकच वाक्य त्यांनी टाकले, झांज वाजवली आणि शंखचक्रधारी भगवंताला व्यासपीठावर आणून उभे केले. सगळी सभा गहिवरली, मीही गहिवरलो.

पुढे मोठेपणी भागवताचा चौथा स्कंध वाचला आणि बुवांनी केवढे गाळले होते ते कळले. नारद प्रथम या पोराला परत फिरवू पाहतात. तो हटत नाही असे दिसल्यावर मात्र त्याला समोर बसवून शिकवतात. कसे बसायचे, श्वास कसा आवरायचा, कोणता मंत्र म्हणायचा, हे सारे सांगतात. मग ध्रुवाचे महिने सुरू होतात. पहिल्या महिन्यात दर तीन दिवसांनी कवठे आणि बोरे. दुसऱ्या महिन्यात दर सहा दिवसांनी गळून पडलेली पाने आणि गवत. तिसऱ्यात दर नऊ दिवसांनी नुसते पाणी. चौथ्यात दर बारा दिवसांनी नुसता वारा. पाचव्या महिन्यात कुठे तो एका पायावर उभा राहतो. भागवतकाराने पोराला एकदम एका पायावर उभे केलेले नाही. त्याला पायरीपायरीने वर नेले आहे. सगळ्या आख्यानात हा भाग मला आता सर्वांत खरा वाटतो, आणि नेमका हाच भाग कीर्तनात गळतो.

ही गोष्ट आज आठवण्याचे कारण असे की, गेले दोन पावसाळे मी ध्रुवावरची पुस्तके वाचीत आहे. आकाशातल्या ध्रुवावरची नव्हेत, पृथ्वीच्या दोन टोकांवरची. वाचकांना हसू येईल. तापीकाठच्या आमच्या सारंगखेड्याला एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बारानंतर माणूस घराबाहेर पडत नाही. बर्फ म्हणजे लाकडाच्या भुशात गुंडाळलेली लादी आणि यात्रेतला रंगीत गोळा, एवढीच आमची त्याच्याशी ओळख. मॅट्रिकपुरत्या इंग्रजीच्या आणि उशाशी ठेवलेल्या शब्दकोशाच्या जोरावर मी ही पुस्तके रेटली. परंतु वाचता वाचता एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली. ध्रुवावरच्या पुस्तकाची परीक्षा ध्रुवाच्या प्रकरणावरून करू नये. निघण्यापूर्वीच्या प्रकरणांवरून करावी. नवखा माणूस थंडी शिकतो कसा, चुकतो कुठे, हसे होते केव्हा, हे ज्या पुस्तकात आहे ते पुस्तक टिकते. ज्यात ते नाही, त्यात कितीही ध्वज फडकोत, ते हरिदासबुवांचे आख्यान होऊन बसते.

ही परीक्षा मला कोणा पंडिताने शिकवली नाही. ती एका घोडेव्यापाऱ्याने शिकवली.

*

आमच्या गावची दत्तजयंतीची यात्रा महाराष्ट्राला ठाऊक आहे ती घोड्यांच्या बाजारामुळे. मार्गशीर्षी पौर्णिमेला एकमुखी दत्ताच्या दर्शनाला माणसे येतात आणि घोडे पाहायला त्याहून अधिक येतात. काठेवाडी, मारवाडी, पंजाबी, पांढराशुभ्र नुकरा, अशी जनावरे हारीने उभी असतात. मालेगावकडचे एक म्हातारे व्यापारी दरवर्षी आमच्या ओटीवर चहाला येतात. मी त्यांना चाचा म्हणतो. काही वर्षांपूर्वी माझी पहिली कादंबरी छापून आली तेव्हा मोठ्या हौसेने तिची एक प्रत मी त्यांना दिली. कादंबरीचा नायक आमच्या भागातला एक पोरका मुलगा. तो घोड्यावर बसायला शिकतो आणि शेवटी शर्यत जिंकतो. पुढच्या वर्षी चाचा आले. नातीकडून त्यांनी सगळी कादंबरी वाचून घेतली होती. चहाचा पेला खाली ठेवून ते म्हणाले, “गुरुजी, पुस्तक झकास आहे. पण एक विचारू? तुमचा गडी घोड्यावरून एकदाही पडला नाही?”

मी वही काढून पाहिली नाही, कारण पाहण्याची गरजच नव्हती. तो पडला नव्हता. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी तो घोड्याच्या जवळ जातो आणि तिसऱ्या प्रकरणाच्या आरंभी तो वाऱ्याशी पैज लावतो आहे. मध्ये काय झाले ते मला ठाऊक नव्हते, म्हणून मी झांज वाजवली होती. वर्तमानपत्रांतल्या दोन-चार परीक्षणांत या कादंबरीची बरी-वाईट चिकित्सा झाली, पण हे भगदाड कोणाच्याच ध्यानात आले नाही. तेव्हापासून कोणतेही साहसाचे पुस्तक उघडले की मी चाचांचा प्रश्न प्रथम विचारतो. गडी पडला का? आणि पडला तर लेखकाने ते सांगितले का?

*

ध्रुववाङ्मयात पहिले नाव घ्यावयाचे ते कॅप्टन स्कॉटच्या रोजनिशीचे. ती त्याच्या मृत्यूनंतर १९१३ साली प्रसिद्ध झाली. १७ जानेवारी १९१२ रोजी स्कॉट चार सोबत्यांसह दक्षिण ध्रुवावर पोचला, तेव्हा नॉर्वेच्या आमुंडसेनचा तंबू तेथे आधीच उभा होता. परतीच्या वाटेवर पाचही जण गेले. रोजनिशीची शेवटची पाने वाचताना कंठ दाटतो, आणि ज्याचा दाटत नाही त्याने वाङ्मयाच्या वाटेला जाऊ नये.

त्या पाचांपैकी दोघे आपल्या मुलखातून गेले होते, हे मात्र मला फार उशिरा कळले. कॅप्टन ओट्स हा घोडदळाचा अधिकारी. स्कॉटच्या मोहिमेत नाव घातले तेव्हा त्याची पलटण महूला होती. आमच्या शहाद्याहून खेतिया-सेंधव्याच्या रस्त्याने मालव्यात चढले की लागणारे, बाबासाहेबांचे जन्मगाव म्हणून आपण ओळखतो ते महू. दुसरा बॉवर्स. हा रॉयल इंडियन मरीनमध्ये, म्हणजे हिंदुस्थान सरकारच्या आरमारी नोकरीत होता. दोघांनाही बर्फातल्या प्रवासाचा अनुभव नव्हता. बॉवर्स जहाजावर रुजू झाला आणि लौकरच एकोणीस फूट खोल तळघरात कोसळला. उठला आणि अंग झटकून कामाला लागला. थंडीची सवय व्हावी म्हणून रोज सकाळी उघड्यावर गार पाण्याच्या बादल्या अंगावर ओतून घेत असे. नवख्याने स्वतःला शिकवण्याचा हा एक मार्ग झाला. काकडआरतीला तापीत बुडी मारणाऱ्या आमच्या म्हाताऱ्यांना तो पटला असता.

ओट्सची कथा अधिक बोलकी आहे. घोड्यांचा जाणकार म्हणून त्याला घेतले होते, पण घोडे विकत घ्यायला त्याला पाठवलेच नाही. ते काम मीअर्स नावाच्या गृहस्थावर सोपवले. मीअर्सला कुत्र्यांची पारख होती, घोड्यांची नव्हती. शिवाय स्कॉटची अट होती की घोडे पांढुरके असावेत, कारण शॅकल्टनच्या आधीच्या मोहिमेत काळपट घोडे आधी मेले होते. मीअर्सने मांचुरियातून तसले घोडे आणले. न्यूझीलंडला ओट्सने ते पाहिले आणि कपाळाला हात लावला. बरेचसे म्हातारे, काही लंगडे, काही रोगट. त्याने पदरचे पैसे घालून जादा वैरण विकत घेतली. त्याच्या हातात तेवढेच उरले होते.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि आमचा बाजार डोळ्यांपुढे आणला. आमच्याकडेही रंगाचे वेड आहे. नुकऱ्याला वरातीसाठी मागणी असते, अंगावरची भोवरी शुभ की अशुभ यावर सौदे मोडतात. तरीही घोड्याचे तोंड उघडून दात पाहिल्याशिवाय, चार पावले चालवून खूर पाहिल्याशिवाय आमचा साधा टांगेवालासुद्धा पैसे मोजीत नाही. आणि ज्याला जनावर हाकायचे आहे तोच ते पाहायला जातो.

या घोड्यांचे पुढे काय झाले? ध्रुवाच्या वाटेवर अन्नाचे साठे करून ठेवायचे होते. त्यांतला मोठा साठा ८० अक्षांशावर ठेवण्याचा बेत होता. फेब्रुवारी १९११ मध्ये घोडे थकले. ओट्सचे म्हणणे पडले की दुबळी जनावरे मारावीत, पण साठा पुढे न्यावा. स्कॉटला ते क्रूर वाटले. साठा ठरल्या जागेच्या तीस मैलांहून अधिक अलीकडे पुरला गेला. एक वर्षाने परत येताना ओट्सचे पाय हिमदंशाने गेले. आपला भार सोबत्यांवर नको म्हणून तो वादळात तंबूबाहेर निघून गेला. राहिलेले तिघे त्याच साठ्यापासून अकरा मैलांवर तंबूत मेले. साठा मूळच्या जागी असता तर ते त्याच्या पुढे येऊन पोचलेले होते.

न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की, त्या वर्षीचा मार्च महिना नेहमीपेक्षा फार कडक होता असे अलीकडच्या हवामानशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. स्कॉटला नुसते मूर्ख ठरवण्याची जी फॅशन मध्यंतरी निघाली, तिच्याशी मी सहमत नाही. माझी तक्रार वाङ्मयीन आहे. स्कॉटची भाषा इतकी सुंदर आहे की तिच्या उजेडात चूकही प्राक्तन होऊन दिसते. बर्फावर घसरण्याच्या लांब पट्ट्या, ज्यांना स्की म्हणतात, त्या शिकवायला त्याने ग्रान नावाचा नॉर्वेजियन तरुण बरोबर नेला होता. पण ती विद्या सगळ्यांनी सारख्या मनावर घेतली नाही. बॉवर्सची स्की तर वाटेतल्या साठ्यात ठेवली गेली. मागाहून ध्रुवाच्या तुकडीत त्याला घेतले आणि तो बिचारा तेथून ध्रुवापर्यंत पायी गेला! रोजनिशीत हे सारे आहे, नाही असे नाही. पण शिकणे हे तेथे किरकोळ नोंदींत आहे आणि सोसणे हे महाकाव्यात आहे. वाचक सोसण्यासाठी रडतो आणि शिकण्याचे विसरतो.

*

आता दुसरे टोक पाहू. आमुंडसेनने आपले ‘दक्षिण ध्रुव’ हे पुस्तक १९१२ साली आणि आत्मचरित्र १९२७ साली प्रसिद्ध केले. या गृहस्थाने लहानपणीच ध्रुवाचा ध्यास घेतला. नॉर्वेच्या हिवाळ्यात तो खिडक्या उघड्या टाकून झोपे. सैन्यात भरती होताना डॉक्टर त्याचे कसलेले शरीर पाहून इतका खूश झाला की डोळे तपासायचे विसरून गेला, आणि डोळेच अधू होते. ही गंमत त्याने स्वतः सांगितली आहे. मग भावाला बरोबर घेऊन तो भर हिवाळ्यात आपल्याच देशातले एक पठार ओलांडायला निघाला. दोघे वाट चुकले, अन्न संपले. रात्री आमुंडसेन बर्फात बीळ करून झोपला आणि सकाळी त्या बिळाचीच शवपेटी झाली होती. भावाने खणून काढले म्हणून वाचला. घरापासून फारशा दूर नसलेल्या त्या पठारावर त्याने जे भोगले, ते पुढच्या ध्रुवप्रवासात भोगलेल्या कशाहूनही कमी नव्हते, असा त्याचा स्वतःचा निर्वाळा आहे.

चाचा, हा गडी पडला बरे!

पडला आणि शिकायला बसला. १९०३ ते १९०५ असे दोन हिवाळे उत्तर अमेरिकेच्या माथ्यावरील एका खाडीत त्याचे जहाज अडकून होते. तेथल्या नेट्सिलिक लोकांत तो रमला. रेनडियरच्या कातड्याचे सैल कपडे कसे घालावेत, घाम का येऊ देऊ नये, घसरगाडीच्या पट्ट्यांवर बर्फाचा लेप कसा द्यावा, कुत्री कशी हाकावीत, बर्फाचे घर कसे बांधावे, हे त्या लोकांना हजारो वर्षे ठाऊक होते. युरोपातल्या शहाण्यांना ते विचारावेसे वाटले नव्हते. जहाजाचा कप्तान असलेला, तिशी ओलांडलेला माणूस अशिक्षित समजल्या जाणाऱ्यांपुढे पाटी घेऊन बसतो, हे दृश्य मला ध्रुवावरच्या ध्वजाहून मोठे वाटते. विद्यार्थी होणे कोणाला सर्वांत अवघड जात असेल तर ते आम्हा मास्तरांना, हे मी अनुभवाने सांगतो.

१९११ च्या हिवाळ्यात ध्रुवाकडे निघण्यापूर्वी त्याची माणसे बर्फाखाली खोदलेल्या खोल्यांत महिनोन् महिने सुतारकाम आणि शिवणकाम करीत होती. गाड्यांवरच्या पेट्या तासून हलक्या केल्या. बूट पुन्हा पुन्हा उसवून शिवले. दिवाळीच्या आधी घराघरांत जशी लगबग असते तशी ही लगबग, आणि ती वाचायला मोठी गोड आहे. अखेर चार गाड्या, बावन्न कुत्री आणि पाच माणसे निघाली, १४ डिसेंबर १९११ ला ध्रुवावर पोचली आणि सुखरूप परतली.

मग हे पुस्तक स्कॉटच्या रोजनिशीपुढे फिके का वाटते? पुष्कळजण म्हणतात, त्यात दुःख नाही म्हणून. मला कारण वेगळे दिसते. आत्मचरित्रात जो आमुंडसेन स्वतःच्या फजित्या मोकळेपणाने सांगतो, तो विजयाच्या पुस्तकात सावध झाला आहे. सप्टेंबर १९११ मध्ये घाईने तो फार लौकर निघाला, भयंकर थंडीने हटून परत आला. त्या माघारीत मागे राहिलेल्या सोबत्याचे हाल झाले आणि योहानसेन या अनुभवी माणसाने त्याला सर्वांदेखत सुनावले. त्यावर योहानसेनला ध्रुवाच्या तुकडीतून वगळण्यात आले. पुस्तकात माघार आहे, पण भांडणावर पडदा आहे. जिंकलेल्या माणसाने शिकाऊपणा लपवला की त्याचा विजय सोपा दिसू लागतो, आणि सोप्या विजयाचे कौतुक कोण करणार? आमुंडसेनला जन्मभर वाटत राहिले की जगाने आपल्यावर अन्याय केला. त्या अन्यायात थोडा हात त्याच्या लेखणीचाही होता.

*

या दोघांहून श्रेष्ठ असे पुस्तक ज्याने लिहिले तो त्यांच्या तुलनेने अगदीच कच्चा गडी होता. अ‍ॅप्सली चेरी-गॅरार्ड त्याचे नाव. स्कॉटच्या मोहिमेला हजार पौंडांची देणगी देऊन आलेला चोवीस वर्षांचा श्रीमंत तरुण. दृष्टी इतकी अधू की चष्म्याशिवाय चार हातांवरचे दिसू नये, आणि चष्मा थंडीने गोठून निरुपयोगी होई. त्याचे ‘जगातला सर्वांत वाईट प्रवास’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक १९२२ साली दोन भागांत निघाले. बर्नार्ड शॉ त्याचा शेजारी, त्याने लेखनात सल्लामसलत दिली.

नाव वाचून वाटते की हा ध्रुवाचा प्रवास. तसे नाही. १९११ च्या जून-जुलैत, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, दिवसाचे तोंड न पाहता विल्सन, बॉवर्स आणि हा चेरी असे तिघे पेंग्विन पक्ष्याची अंडी आणायला गेले. पक्ष्यांच्या उत्क्रांतीवर त्या अंड्यांतील गर्भांवरून प्रकाश पडेल अशी तेव्हाच्या शास्त्रज्ञांची समजूत होती. पारा शून्याखाली साठ अंशांपर्यंत उतरला. एके सकाळी चेरी तंबूबाहेर आला आणि इकडेतिकडे पाहायला त्याने मान वर केली. अंगावरचा ओला कपडा तेवढ्यात गोठून पत्रा झाला आणि मान तशीच वर राहिली. कित्येक तास त्याने वर तोंड करून गाडी ओढली. दुसऱ्या दिवसापासून तिघेही बाहेर पडताच ओढण्यासाठी वाकून उभे राहू लागले, म्हणजे गोठलेच तर कामाच्या आकारात गोठावे!

वाचकहो, शिकण्याचे याहून नेमके वर्णन मी वाचलेले नाही. यात उपदेश नाही, शौर्य नाही, अश्रूही नाहीत. एक चूक आहे, तिची शिक्षा आहे आणि दुसऱ्या दिवशीची अक्कल आहे. पाच अंडी मिळाली. त्यांतली दोन चेरीच्या हातमोज्यांत होती; दिसत नसल्याने तो पडला आणि ती फुटली. हेही त्याने लिहिले आहे. चाचांच्या प्रश्नाला याहून सरळ उत्तर कोणी द्यावे?

पण या पुस्तकाचे मर्म पुढेच आहे. मार्च १९१२ मध्ये स्कॉटला वाटेत भेटण्यासाठी कुत्र्यांच्या गाड्या घेऊन त्या साठ्यापर्यंत जाण्याचे काम ऐन वेळी चेरीवर आले, कारण ज्या डॉक्टरने जायचे त्याला एका आजाऱ्याजवळ थांबणे भाग पडले. चेरीला ताऱ्या-सूर्यावरून दिशा काढता येत नव्हती. ती विद्या त्याला कोणी धडपणे शिकवलेली नव्हती. साठ्याजवळ तो दिवसामागून दिवस वाट पाहत थांबला, वादळ होते, कुत्र्यांचा शिधा संपत आला होता, आणि तो परत फिरला. त्या वेळी स्कॉट मंडळी दक्षिणेला अजून जिवंत होती. त्याला मिळालेल्या हुकमांप्रमाणे तो चुकला नव्हता. तरीही ‘मी पुढे गेलो असतो तर?’ या प्रश्नाने त्याला आयुष्यभर पोखरले. एक न शिकवलेला धडा माणसाच्या सगळ्या जन्मावर कसा पसरतो, ते या पुस्तकात दिसते. आम्ही शाळेत एखादा पाठ ‘वेळ नाही’ म्हणून सोडून देतो, तेव्हा कोणत्या मुलाच्या वाट्याला कोणता साठा आणि कोणते वादळ येणार आहे हे आम्हाला कुठे ठाऊक असते?

पुस्तकात दोष आहेत. ते पसरट आहे, सोबत्यांच्या रोजनिश्यांचे लांब उतारे त्यात घातले आहेत, शेवटी शेवटी लेखक कडवट होतो. तरीही ते टिकले. स्कॉट मृत्यूच्या उंचीवरून बोलतो, आमुंडसेन यशाच्या उंचीवरून. चेरी आपल्या शेजारी, मागच्या बाकावर बसून बोलतो.

*

मग आपले काय? आपल्या भाषेच्या माणसांचा ध्रुवाशी संबंध नाही असे कोणी म्हणू नये. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाकडे होते असा सिद्धांत मांडणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची कल्पना १८९८ सालच्या तुरुंगवासात, मॅक्समुल्लरने धाडलेला ऋग्वेद वाचताना रुजली होती. तो सिद्धांत आज विद्वान मानीत नाहीत. परंतु ग्रंथाची रचना पाहा. वेदांना हात घालण्यापूर्वी टिळक वाचकाला ध्रुवप्रदेशाची लक्षणे शिकवतात. सूर्य क्षितिजावरून कसा फिरतो, पहाट किती दिवस चालते, रात्र किती लांब, ध्रुवावर काय आणि त्याच्या भोवतालच्या प्रदेशात काय, हे सारे आधी पाटीवर मांडतात. ज्याने आयुष्यात बर्फाचा डोंगर पाहिला नाही त्याने शिक्षकाच्या शिस्तीने वाचकाची तयारी करून घेतली आहे. निष्कर्ष ढासळला, पण तयारीचे प्रकरण आजही वाचनीय राहिले.

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहूनच निघाली. डॉ. कासीम यांच्या नेतृत्वाखालील एकवीस जण ९ जानेवारी १९८२ ला त्या खंडावर उतरले. १९८३ च्या मोहिमेत नागपूरला जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या आणि गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत काम करणाऱ्या डॉ. अदिती पंत होत्या. त्या आणि डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून त्या भूमीवर पोचलेल्या पहिल्या स्त्रिया. आजही या मोहिमांची व्यवस्था गोव्यातील वास्को येथील केंद्रातून होते. जाणाऱ्यांची दिल्लीला कसून वैद्यकीय तपासणी होते. मग त्यांना हिमालयात औलीला नेतात. तेथे भारत-तिबेट सीमा पोलिसांचे उस्ताद त्यांना बर्फावर चालायला, दोराने एकमेकांस बांधून घ्यायला, भेगेत पडलेल्याला वर काढायला शिकवतात. त्यांत शास्त्रज्ञ असतात, डॉक्टर असतात, तसेच यंत्रदुरुस्ती करणारे आणि स्वयंपाकीही असतात. म्हणजे पदवीने थोर असलेला माणूस तेथे चार दिवस पहिलीच्या वर्गात बसतो.

पुण्याच्या शीतल महाजनने १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर हेलिकॉप्टरमधून हवाई छत्रीने उडी घेतली. पारा शून्याखाली ३७ अंश, आणि तिच्या आयुष्यातली ती पहिली उडी, सरावाची एकही उडी न घेता. धाडस असे की ऐकताना अंगावर काटा येतो. वर्तमानपत्रांनी ‘सरावाशिवाय’ हा शब्द डोक्यावर घेतला. त्यात आश्चर्य नाही. आपल्याला एकाच वाक्यात घोर तप करणारा ध्रुव आवडतो. परंतु तिने त्या उडीवर थांबायचे नाकारले. २००६ साली तिने अंटार्क्टिकावर उडी घेतली, पुढे शेकडो उड्या मारल्या, २०११ साली तिला पद्मश्री मिळाली. मला ऐकायचे आहे ते त्या मधल्या उड्यांविषयी. दहावी उडी कशी होती? कोणत्या उडीत भीती वाटली? सत्काराच्या सभांत हे विचारायला कोणी उठत नाही.

बर्फाच्या प्रदेशातून परतलेल्यांच्या ज्या मुलाखती आणि व्याख्याने माझ्या वाट्याला आली, त्यांत पेंग्विन भेटले, सहा महिन्यांची रात्र भेटली, ध्वजवंदन भेटले. औली दोन ओळींत उरकलेली. विदर्भाच्या उन्हात वाढलेला माणूस पहिल्यांदा बर्फावर कसा उभा राहिला? तो कितीदा आपटला? उस्ताद त्याला काय म्हणाला? रात्री त्याने घरी पत्रात काय लिहिले आणि काय लिहिले नाही? हे सारे बोलायला त्यांना संकोच वाटत असावा. तो संकोच आम्ही श्रोत्यांनीच त्यांच्यावर लादला आहे. आम्हाला अढळपद पाहायचे असते. कवठे आणि बोरे कोणाला हवी आहेत?

माझे त्यांना एवढेच सांगणे आहे की ती कवठे-बोरेच लिहा. ध्रुवाची छायाचित्रे आता घरोघरी दिसतात, पेंग्विनचे वर्णन करायला माणूस धाडण्याची गरज उरलेली नाही. पण आपल्यातला कोणी नवखा थंडी शिकला कसा, ते त्याच्यावाचून दुसरा कोणी सांगू शकणार नाही. आणि ते वाचणार कोण? आमच्या शाळेतली मुले. घोड्याला घाबरणारी, इंग्रजीला घाबरणारी, फळ्यापुढे उभे राहायला घाबरणारी. वीराची गोष्ट ऐकून ती टाळ्या वाजवतात आणि ‘ते आपले काम नव्हे’ असे मनाशी ठरवून घरी जातात. पडलेल्याची गोष्ट ऐकली तर त्यांतले एखादे विचारील, ‘मग तो उठला कसा?’ शिक्षण नावाची जी काही चीज आहे ती त्या प्रश्नापासून सुरू होते.

माझ्या त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघावी इतकी ती खपली नाही. तरीही गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकरणांच्या मधले एक प्रकरण मी लिहून काढले. त्यासाठी चाळिशी उलटल्यावर गावातल्या एका गरीब तट्टावर बसून पाहिले. तीनदा पडलो. तिसऱ्यांदा पडलो तेव्हा माझेच विद्यार्थी कुंपणावर बसून हसत होते, आणि त्यांतल्याच एकाने खाली येऊन मला सांगितले, “गुरुजी, लगाम ओढू नका. गुडघ्यांनी धरा.” ते वाक्य मी जसेच्या तसे प्रकरणात घातले आहे. दिवाळी संपली की दीड महिन्याने दत्तजयंती. चाचा आले म्हणजे ते प्रकरण त्यांना स्वतः वाचून दाखवणार आहे.